डाव्या हाताची तुरपाई

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा बाबा सात वर्षांचे होते, त्यामुळे पुढचे दोन दात पडलेला मुलगा तुमच्या डोळ्यांपुढे असेल. आता ते सत्तावन्नचे आहेत आणि दात सगळे जागेवर आहेत. फक्त तुमचा विषय निघाला की ते घट्ट मिटतात.

तुमचा पत्ता आईनं दिला. तिच्याकडे तो कुठून आला ते तिनं सांगितलं नाही. "लिहायचं तर लिही, पण बाबांना आत्ताच बोलू नकोस," एवढंच म्हणाली.

मी शहराच्या वस्तुसंग्रहालयात जुने कपडे जपायच्या विभागात आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं की मी मोठी अधिकारी झाले. प्रत्यक्षात मी मऊ कुंचल्यानं धूळ काढते, कसर लागली आहे का बघते, आणि दिवसभर हातमोजे घालून कपड्यांशी मनातल्या मनात बोलते. मला हे काम फार आवडतं.

तुम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही डावखुऱ्या आहात का?

परवा जेवताना मी बाबांना हेच विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "ती माझ्या उजवीकडे बसायची आणि आमची कोपरं एकमेकांना लागायची. मी रडायचो. झालं समाधान?" आणि ताट अर्धं टाकून उठले. तुमच्याबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

का विचारते आहे ते तुमचं उत्तर आल्यावर सांगेन.

तुमच्या भावाची मुलगी


२ फेब्रुवारी

आत्या,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे ते तुमच्या घरात कुठेतरी आहे. मागच्या वेळी मी कारण लपवलं, ते बरं केलं नाही. आता सांगते.

अध्यक्षांचा कोट माझ्या टेबलावर आहे. तोच. चौकशी आयोगाच्या कपाटात इतकी वर्षं तो पडून होता. यंदा त्यांच्या हत्येला पन्नास वर्षं होतात म्हणून संग्रहालयात एक नवी खोली उघडणार आहे, आणि कोट मांडण्याजोगा करायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी कुणाची नात आहे हे इथे कुणाला माहीत नव्हतं.

राखाडी लोकर, पुढे तीन बटणं. छातीवर दोन भोकं, इतकी लहान की वाटतं, कसरीनंही यापेक्षा मोठी केली असती. डागांचा रंग आता नुसत्या चहासारखा आहे. पहिल्या दिवशी मला त्याला हात लावता आला नाही. हातमोजे घातले, काढले, परत घातले. सगळ्या देशाचं पुढचं आयुष्य या दोन भोकांतून बदललं, आणि आमच्या घराचंही.

मी काय ऐकत मोठी झाले ते तुम्हाला माहीत नसेल. ते असं: अध्यक्षांना धमक्या येत होत्या, म्हणून ते कोटाखाली पोलादी पत्र्यांचं चिलखत घालायचे. आजोबांना सांगितलं होतं की चिलखतावरून बसेल असा सैल कोट शिवा. आजोबा म्हणजे शहरातले नावाजलेले कटर, सगळ्यांचे मास्तर. पोत्यासारखा कोट शिवणं त्यांच्या जिवावर आलं आणि त्यांनी तो अंगाबरोबर शिवला. नगरभवनाच्या उद्घाटनाच्या सकाळी कोटाची बटणं लागेनात. अध्यक्षांनी चिलखत काढून खुर्चीवर ठेवलं, आणि पायऱ्या चढताना त्यांना दोन गोळ्या लागल्या. चिलखत असतं तर दोन्ही अडल्या असत्या, असं आयोगानं लिहिलं. शाळेच्या पुस्तकात गोळ्या झाडणाऱ्याला एक ओळ आहे, शिंप्याला तीन. वर्गात कुणाचा गणवेश आखूड झाला की मुलं विचारायची, "मास्तरांकडे टाकला होतास का?" हे मास्तर कोण ते त्यांना माहीत नसायचं.

त्यानंतर आजोबांनी कात्री धरली नाही. ते एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी झाले. मी सहा वर्षांची असताना गेले. शर्टाचं बटण तुटलं तर ते आईकडे द्यायचे आणि तिचे टाके बघून काहीही बोलायचे नाहीत. आई म्हणते, बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कोटाबद्दल. दोन्ही कुशींच्या शिवणींत आणि पाठीच्या शिवणीत, आतल्या बाजूला, कापडावर एक जुनी रेघ आहे. शिवण आधी तिथे होती. कोट आधी सैल होता, आत्या. आजोबांनी सांगितलं तसाच शिवला होता. नंतर कुणीतरी अस्तर उसवलं, शिवणी आत घेतल्या आणि अस्तर परत तुरपलं. फार सुंदर तुरपलं आहे. पण बाकी सगळ्या कोटाचे टाके एका बाजूला कलतात आणि एवढेच टाके उलट्या बाजूला कलतात.

बाबांचं लहानपणीचं कापडी दप्तर आई अजून कपड्यांचे चिमटे ठेवायला वापरते. त्याचे टाकेही असेच उलटे कलतात. ते तुम्ही शिवलं होतं ना?


२० फेब्रुवारी

आत्या,

तुमचं कार्ड मिळालं. "हो, डावखुरी आहे. कोट आहे तिथे राहू दे." एवढंच. शाई शेवटच्या शब्दावर फुटली आहे. मी ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरते आहे.

कोट आहे तिथे राहू शकत नाही, म्हणून हे लिहिते. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी कोटाच्या पाटीचा मजकूर मला दिला: "शिंप्याने सूचना डावलून कोट घट्ट शिवल्याने..." मी तो वाचला आणि सगळं सांगून टाकलं. कोटाचं आणि माझंही.

"तू त्या मास्तरांची नात आहेस हे आधी सांगायला हवं होतंस," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर काम दिलं असतंत?"

"नसतं दिलं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "म्हणून तर धड रागावता येत नाहीये."

मग त्या माझ्या टेबलाशी आल्या, भिंग घेतलं, आणि बराच वेळ वाकून राहिल्या. "कोट आधी सैल होता हे पाटीवर येईल," शेवटी म्हणाल्या. "कापडच सांगतंय. पण पुढचा प्रश्न कळतोय ना तुला? मग आवळला कुणी?"

मी भिंग पुसून खणात ठेवायला लागले.

"त्या दुकानात डावखुरं कोण होतं हे शोधायला एखाद्या पत्रकाराला अर्धा दिवस लागेल. तुझ्या आजोबांवरचं ओझं उतरवायचं तर ते कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावं लागणार. आणि ती व्यक्ती जिवंत आहे, असं तुझ्या तोंडावरून दिसतंय."

खोली १८ एप्रिलला उघडते. पाट्या त्याआधी दोन-तीन आठवडे छापायला जातात. आत्या, तुम्ही नाही म्हणालात तर मी जुनीच पाटी लावा म्हणून सांगेन. मला ते खोटं वाटेल आणि मी ते विसरणार नाही, पण सांगेन. आजोबा गेले आहेत. तुम्ही आहात.


१२ मार्च

आत्या,

"मला तू म्हण, अहोजाहो ऐकलं की आयोगापुढे उभं राहिल्यासारखं वाटतं," असं लिहिलंस, म्हणून तू म्हणते. तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. वरून लोक उतरत होते, मी पाय आखडून घेत होते आणि वाचत होते.

तुला चिलखताचं माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात सगळं आलं होतं, चूक, घाई, कुणाचा दबाव, पण हे नव्हतं आलं. अध्यक्ष चिलखत घालतात हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी आजोबांना ताकीद होती आणि त्यांनी ती तुझ्यापाशीही पाळली. एकाच टेबलावर तुम्ही दोघं काम करत होतात.

आणि दुसरीकडे त्यांचे डोळे. सुई ओवता येईना म्हणून गिऱ्हाइकासमोर ते दोनदा खोकायचे, की तू उठून, काहीतरी शोधायला आल्यासारखी, त्यांच्या हातातली सुई ओवून परत ठेवायचीस. गिऱ्हाइकाला कळायचं नाही. हे वाचताना मला हसू आलं. मग नाही आलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी अध्यक्षांचा कपडेवाला, म्हणजे त्यांचे कपडे सांभाळणारा नोकर, एक सैल झालेलं बटण पक्कं करायला कोट घेऊन आला. आजोबा कापड आणायला गेले होते. तू बटण लावलंस आणि कोट अध्यक्षांच्या मापाच्या पुतळ्यावर चढवलास, तर तो पोत्यासारखा लोंबला. तुला वाटलं, झालं, त्यांच्या डोळ्यांनी घात केला. उद्या सगळं शहर हा कोट बघणार आणि म्हणणार, मास्तर संपले. म्हणून तू तो उसवलास आणि त्यांना कधीच कळू नये इतक्या सफाईनं नीट केलास. इस्त्रीवाल्यानं इस्त्री मारली, कपडेवाला घेऊन गेला, आणि आजोबा परतल्यावर तू म्हणालीस, "बटण होतं, लावून दिलं."

आत्या, तू लिहितेस की ते मरेपर्यंत स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहिले असतील, आणि खरं सांगायच्या ऐवजी तू महिन्याभरात पळून गेलीस. तेव्हापासून तू गाद्यांच्या खोळी शिवतेस. कुणाच्या अंगाला बसेल असं काही शिवलं नाहीस.

शेवटी लिहिलंस, "पाटीवर माझं नाव घाल. पुष्कळ वर्षं त्यांनी वाहिलं, आता मला दे."

मी अजून बाईंना ते सांगितलेलं नाही. रागावू नकोस. त्या इस्त्रीवाल्यांचा पत्ता मला लागला आहे. ते जिवंत आहेत. त्यांना भेटल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही, असं मी ठरवलं आहे. मला ताकीद देणाऱ्यांचा राग येतो, गोळ्या झाडणाऱ्याचा येतो, अध्यक्षांचाही थोडा येतो. तुझा येत नाही. शोधून पाहिला.


२४ मार्च

आत्या,

हे पत्र बसून वाच.

इस्त्रीवाले आता पुतण्याच्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहतात. खालून वाफ वर येते, त्यामुळे त्यांच्या खिडकीची काच कायम धुरकट असते. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "उजवीकडे बस, पोरी. डावा कान सरकारजमा आहे."

कोटाला शेवटचा हात त्यांचा लागला होता म्हणून त्यांना पकडून नेलं, तिथे तो कान गेला. हे ते हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगतात. कपडेवाल्याचंही त्यांनीच सांगितलं. त्या सकाळी तो एका हातात कोट आणि एका हातात चिलखत घेऊन उभा होता. अध्यक्षांनी कोट घालून पाहिला, आरशात बघून हसले, म्हणाले, "मास्तरांनी मला दहा वर्षांनी तरुण केलं, आता ते चिलखताचं पोतडं राहू दे." नोकरी गेल्यावर तो माणूस बसथांब्यावर दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा, तळवे वर, काहीतरी धरल्यासारखे. लोकांना वाटायचं भीक मागतो, म्हणून ते पैसे ठेवायचे आणि पैसे खाली पडायचे. दोन हिवाळ्यांनी तो गेला.

मग मी कोटाचं विचारलं.

"आम्हा तिघांना एका बाकावर बसवलं होतं," ते म्हणाले. "मास्तर, मी आणि तो कपडेवाला. कोट आणून मास्तरांच्या हातात दिला. चौकशीचा साहेब म्हणाला, नीट बघा, हे तुमचंच काम का? मास्तरांना कुठलं नीट दिसायला. त्यांनी कोट उलटा केला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. असा, खालून वर." त्यांनी स्वतःच्या बंडीवर दाखवलं. "काखेखाली येऊन थांबला. परत खाली गेला. परत वर आला. मला वाटलं, यांना भोवळ येतेय. मग कोट घडी घालून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, 'शिवण माझी आहे. सगळी माझीच आहे.'"

"मग?"

"साहेब म्हणाला, दुकानात आणखी कोण हात लावतं? मास्तर म्हणाले, 'माझ्या कामाला मी कुणाला हात लावू देत नाही.' मी तोंड उघडणार होतो. पोरगी सुया ओवून द्यायची, अर्धी तुरपाई तिची, हे सगळ्या गल्लीला माहीत. तर मास्तर माझ्याकडे वळले आणि दोनदा खोकले."

मी विचारलं, "तुम्हाला कळलं?"

"दुकानात सहा वर्षं होतो, पोरी. तो खोकला म्हणजे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही." त्यांनी बाहीनं खिडकीची धुरकट काच पुसली. "नंतर मला वेगळं घेतलं. तेच विचारत होते, आणखी कोण, आणखी कोण. मला आपला तो खोकला ऐकू येत होता. ऐकलेलं शेवटचं तेच, या कानानं."

आत्या, त्यांना माहीत होतं. डोळ्यांना दिसलं नाही ते अंगठ्याला कळलं. तुला टाका शिकवला तो त्यांनीच. तुझा हात ओळखला आणि तिथल्या तिथे तो आपला म्हणून सांगितला, आणि मग तीस वर्षांहून जास्त तो आपलाच मानून जगले. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसले आहे. फाटकावरच्या खुर्चीत बसलेला एक शांत म्हातारा, एवढंच मला आठवतं. मी घरी चालत आले. रस्त्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत आले, की यानं काय उचललं असेल.

घरी येऊन आईला धरलं. पत्ता कुठून आला ते आता सांग म्हटलं. आजोबांनी जाण्याआधी तिला दिला होता. दोऱ्याची रिळं विकणारा एक फिरता व्यापारी तुझ्या गावाला जायचा, त्याच्याकडून त्यांना पहिल्याच वर्षी तुझा ठावठिकाणा कळला होता. ते कधी आले नाहीत, कारण तेव्हा त्यांच्या पाळतीवर माणसं असायची. व्यापाऱ्याला त्यांनी एकच विचारलं होतं, "शिवते का?" तो म्हणाला, गाद्यांच्या खोळी शिवते. आजोबा म्हणाले, "शिवते ना."

आता तू सांग. त्यांनी लपवलं ते मी उघडं करू का? त्यांचं म्हणणं तुला कळलं, म्हणून हा निर्णय आता तुझाच आहे. मी दोन्हीला तयार आहे.


८ एप्रिल

आत्या,

तुझं कार्ड मिळालं. "दोघांचंही लिही. मी येते." पाटी त्याच दुपारी छापायला गेली. बाईंनी तीन दिवस ती थोपवून धरली होती. छापखान्याला काय कारण सांगितलं ते मला सांगत नाहीत.

मजकूर असा आहे: "हा कोट बाप आणि लेक यांनी शिवला. बापाने चिलखतासाठी जागा ठेवली होती. चिलखताचं लेकीला कुणी सांगितलं नव्हतं; बापाच्या थकलेल्या नजरेची चूक समजून तिने ती जागा आवळली. बापाने चौकशीत सगळी शिवण स्वतःची असल्याचं सांगितलं." खाली इस्त्रीवाल्यांचं आणि कपडेवाल्याचं एकेक वाक्य आहे. कोट आम्ही पुढून मांडत नाही. उजवी बाजू उघडून मांडतो आहोत, अस्तर दिसेल असा. वरचे टाके एकीकडे कलतात, खालचे दुसरीकडे. दिवा मी स्वतः तिरपा लावला आहे, म्हणजे भिंगाशिवाय दिसेल.

लोक काय म्हणतील ते मला माहीत नाही. चांगलंच म्हणतील असं मी तुला सांगणार नाही.

बाबांना मी रविवारी सगळं सांगितलं. ते उठले. गॅलरीत गेले, दप्तरातले चिमटे एका ताटात ओतले, आणि दप्तर उलटं करून शिवणीवरून अंगठा फिरवत बसले. खालून वर. त्यांना कुणी ते दाखवलेलं नव्हतं. मी आत निघून आले, आईही आली, आणि आम्ही दोघी उगीचच भांडी लावत बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी तिथूनच विचारलं, "गाडी किती वाजता येते म्हणालीस?"

स्टेशनवर ते येणार आहेत. तुला ओळखतील का याची त्यांना काळजी आहे. मी म्हटलं, ज्या हातात पिशवी असेल त्यावरून ओळखा.

काल त्यांनी जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून मधे घेतलं आणि खुर्च्या मांडून बघत राहिले. आईनं विचारलं, हे काय चाललंय. तर म्हणाले, "ती माझ्या डावीकडे बसेल. तसं बसलं की कोपरं लागत नाहीत. तेव्हा कुणाला सुचलंच नाही."

वाट बघतो आहोत.

तुझी भाची